क्लिनिकमधलं टूथ व्हाइटनिंग: आधी काय तपासायचं, खुर्चीत काय होतं आणि रंग कधी मोजायचा

"डॉक्टर, लग्न पंधराला आहे. बारा तारखेला आणते हिला, दात पांढरे करून द्याल ना?"

तुळशीचं लग्न उरकलं की सातारा जिल्ह्यातल्या माझ्या दवाखान्यात हे फोन सुरू होतात. बोलणारी बहुतेक वेळा नवऱ्या मुलीची आई असते. साड्या, पार्लर, मेंदी, हॉल अशा यादीत दातांचा नंबर शेवटी लागलेला असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: "काकू, बाराला नको. उद्या या. उद्या फक्त बघू, करणार काहीच नाही."

क्लिनिकमधल्या व्हाइटनिंगने दात उजळतात, याबद्दल शंका नाही. पण कोणाचे, किती आणि किती दिवसांसाठी, हे दात उजळवणाऱ्या जेलची सिरिंज उघडण्याआधीच बरंचसं ठरलेलं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे खुर्चीतून उठताना आरशात दिसतो तो रंग खरा नसतो. खरा रंग दोन आठवड्यांनी कळतो. जाहिरातीतला 'नंतर'चा फोटो मात्र त्याच दिवशी, त्याच खुर्चीत काढलेला असतो. पैसे देण्याआधी हे दोन मुद्दे समजले असतील तर पुढची निम्मी निराशा टळते.

पहिलं काम: डाग बाहेरचा की आतला

चहा, कॉफी, पान, तंबाखू, मिशरी यांचे डाग दाताच्या पृष्ठभागावर आणि किटणावर बसतात. लोहाचं पातळ औषध आणि क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश आठवडेच्या आठवडे वापरला तर त्यानेही तपकिरी थर चढतो. या डागांना व्हाइटनिंग लागत नाही, दात साफ करून पॉलिश करणं पुरतं. आमच्या भागात भाजलेल्या तंबाखूची मिशरी लावणाऱ्या बायका अजून बऱ्याच आहेत. अशाच एक मावशी मुलाने बक्षीस म्हणून व्हाइटनिंग करून द्यायला आणल्या होत्या. आधी स्केलिंग, म्हणजे किटण काढून दात साफ करणं, एवढंच केलं. पाऊण तासाने आरसा हातात दिला तर त्या स्वतःच्या खालच्या दातांकडे बघतच राहिल्या. व्हाइटनिंगची गरजच उरली नाही, मुलाचे पैसे वाचले. हे सांगायचं कारण म्हणजे 'क्लीनिंग' आणि 'व्हाइटनिंग' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरी विकायला सोपी आहे.

(स्केलिंगने दात हलायला लागतात असा समज आहे, तोही इथेच निकालात काढू. हिरडी आणि हाड आधीच खाली गेलेलं असतं, किटणाच्या भिंतीने दात धरून ठेवलेले असतात. भिंत काढली की खरी अवस्था उघडी पडते.)

आतला रंग ही वेगळी गोष्ट. दाताचं बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, बरंचसं पारदर्शक असतं. दाताला रंग येतो तो आतल्या पिवळसर डेंटीनचा. वय वाढतं तसं एनॅमल झिजतं, डेंटीन जाड आणि गडद होतं, म्हणून चाळिशीत दात विशीतल्यापेक्षा पिवळे दिसतात. शिवाय वर्षानुवर्षांचे रंगाचे कण एनॅमलमधून झिरपून आत जातात. या पिवळ्या आणि तपकिरी छटेवर व्हाइटनिंग सगळ्यात चांगलं चालतं.

करड्या छटेवर ते रडतखडत चालतं. लहानपणी, दात घडत असताना टेट्रासायक्लीन गटाची औषधं मिळालेल्या लोकांच्या दातांवर करडे-निळसर आडवे पट्टे दिसतात. आज पन्नाशी-साठीत असलेल्यांत असे दात अधूनमधून दिसतात. त्यांना एका बैठकीत फरक दाखवतो असं कोणी सांगितलं तर उठून यावं. तिथे घरी रोज दातांच्या मापाच्या ट्रेमध्ये जेल घालून तो लावून दोन ते सहा महिने, कधी त्याहून जास्त काम करावं लागतं, आणि तरी पट्टे फिके होतात, नाहीसे होतीलच असं नाही.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ते लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालेल, असं म्हटलं आहे. त्याहून जास्त पाण्यावर वाढलेल्या मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके किंवा तपकिरी पट्टे येतात. यावर नुसतं व्हाइटनिंग केलं तर तपकिरी रंग बराच उतरतो, पण पांढरे ठिपके आहेत तिथेच राहतात, आणि पहिले काही दिवस तर आणखी उठून दिसतात. इथे मायक्रोअब्रेजन, म्हणजे सौम्य आम्ल आणि पावडरने वरचा अगदी पातळ थर घासणं, किंवा ठिपक्यांत रेझिन (दिव्याने कडक होणारं प्लॅस्टिकसारखं पातळ द्रव्य) मुरवणं, आणि त्याच्या जोडीला व्हाइटनिंग, अशी मोट बांधावी लागते.

एकच दात काळवंडला असेल तर प्रश्नच निराळा. कबड्डीत कोपर लागलं, सायकलवरून पडला, पाच वर्षांनी पटाशीचा एक दात राखाडी झाला. तो दात आतून मेलेला असण्याची शक्यता मोठी. त्याचा एक्स-रे काढायचा, रूट कॅनल करायचं, आणि मग दाताच्या आत औषध ठेवून तो आतून उजळवायचा. त्याआधी मुळाच्या तोंडाशी सिमेंटचा अडसर घालणं फार गरजेचं असतं, नाहीतर पुढे मूळ बाहेरून झिजण्याचा धोका राहतो. बाहेरून जेल फासून हा दात शेजाऱ्यांशी जुळत नाही.

शेवटचं, आणि वादाला सगळ्यात जास्त कारण होणारं: कॅप, व्हेनियर (दातावर समोरून चिकटवलेला पातळ पापुद्रा), फिलिंग यांचा रंग बदलत नाही. समोरच्या दातावर दहा वर्षांपूर्वीची कॅप असेल तर व्हाइटनिंगनंतर ती एकटी पिवळी दिसेल. ती बदलायचा खर्च आधी धरा.

दुसरं काम: तोंड तयार करणं

पहिल्या भेटीत मी जेलचा विषय काढत नाही. कीड, गळकी फिलिंगं, दाताच्या चिरा, खाली गेलेली हिरडी, एवढं बघतो आणि गरज वाटली तर एक्स-रे काढतो. कारण साधं आहे. जेलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड एनॅमल आणि डेंटीनमधून झिरपून दाताच्या आतल्या नसेपर्यंत जातं. प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत ते पंधरा मिनिटांत आत पोचलेलं आढळलं आहे. शाबूत दात तेवढं सहन करतो. भोक असलेल्या दातात ते थेट घुसतं आणि माणूस खुर्चीतून उडतो. तेव्हा कीड आधी भरायची, कायमची नाही तर तात्पुरती तरी. समोरच्या दातांची कायमची फिलिंगं नंतरच करायची, कारण त्यांचा रंग नव्या शेडशी जुळवायचा असतो.

हिरडी खाली गेलेली असेल तर मुळाचा जो भाग उघडा पडतो तो उजळत नाही आणि दुखतो मात्र सगळ्यात जास्त. तो झाकूनच काम करायचं.

तंबाखू खाणाऱ्या प्रत्येकाच्या गालाच्या आतली, जिभेखालची आणि ओठामागची बाजू मी बघतोच. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड नीट न उघडणं, यांतलं एक जरी दिसलं तरी व्हाइटनिंग त्या क्षणी बाजूला पडतं. आधी तपासणी, गरज असेल तर तुकडा काढून बायोप्सी. पांढऱ्या दातांसाठी आलेला माणूस असा वेळेत सापडला की मला व्हाइटनिंगच्या जाहिरातींबद्दल थोडं प्रेम वाटतं.

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना आम्ही हे करत नाही. अपाय सिद्ध झाला आहे म्हणून नव्हे, निकड नाही म्हणून. अठराच्या खालच्या मुलांना मी परत पाठवतो. त्यांच्या दातातली नस मोठी असते, कळही तशीच येते.

स्केलिंग लागलं असेल तर त्यानंतर निदान आठवडा जाऊ द्या, हिरड्यांचं रक्त येणं थांबू द्या. दात आधीच शिवशिवत असतील तर पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह टूथपेस्ट या आठवड्या-दोन आठवड्यांत सुरू करा. नंतर दुखायला लागल्यावर आणण्यापेक्षा आधी वापरलेली जास्त उपयोगी पडते.

तिसरं काम: आजचा रंग लिहून ठेवणं

बहुतेक दवाखान्यांत 'व्हिटा क्लासिकल' नावाची शेडची पट्टी असते. तिच्यात दातांच्या आकाराचे सोळा नमुने, ए, बी, सी, डी अशा चार गटांत. व्हाइटनिंगसाठी ही पट्टी उजळ ते गडद अशी लावतात: बी १, ए १, बी २, डी २, ए २, सी १, सी २, डी ४, ए ३, डी ३, बी ३, ए ३.५, बी ४, सी ३, ए ४, सी ४.

हा क्रम मुद्दाम पूर्ण दिला, कारण 'आठ शेड पांढरे' ही जाहिरात याच्यावर मोजलेली असते. तुमचे दात आज ए ३ असतील तर आठ पायऱ्या वर म्हणजे थेट बी १, पट्टीचं टोक. तुमचे दात आधीच ए १ असतील तर वर एकच पायरी शिल्लक आहे. मग आठ शेड येणार कुठून? शिवाय पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. काही नमुन्यांतला फरक घरच्यांना दिसणारही नाही.

मी पेशंटला खिडकीपाशी उभं करतो. सकाळी दहा-अकराचा उजेड, खुर्चीवरचा दिवा बंद. लिपस्टिक पुसायची, भडक ओढणी बाजूला ठेवायची, कारण लाल-केशरी रंग दातावर पडतो. दात ओले हवेत. नमुना दाताला लावून उभा धरायचा, पाच-सात सेकंदांत ठरवायचं, जास्त वेळ टक लावली की डोळे थकतात आणि सगळंच सारखं दिसतं. मग नमुना तिथेच धरून फोटो. पटाशीच्या दाताचा एक, सुळ्याचा एक. सुळे सगळ्यांचेच पटाशीच्या दातांपेक्षा एक-दोन शेड गडद असतात आणि व्हाइटनिंगनंतरही थोडे गडद राहतात. हे आधी सांगितलं नाही तर नंतर "हे दोन राहिले की हो डॉक्टर" असा फोन येतो.

तुमच्या डॉक्टरांनी हे केलं नाही तर स्वतः मागा. फोटोत नमुना दिसत नसेल तर त्या फोटोला तुलनेसाठी किंमत नाही. मोबाइलचा कॅमेरा रंग स्वतःच्या मर्जीने बदलतो.

खुर्चीतला तास-दीड तास

ओठांना व्हॅसलीन. गाल आणि ओठ मागे धरणारा प्लॅस्टिकचा रिट्रॅक्टर बसवतात, तोंड मुखवट्यासारखं ताणलं जातं, बोलता येत नाही. म्हणून हाताची खूण आधी ठरवून घ्या: डावा हात वर म्हणजे थांबा. डोळ्यांवर चष्मा. गालाच्या आत कापसाचे बोळे किंवा गॉज.

मग सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात कंटाळवाणी पायरी येते. हिरडीवर पातळ रेझिनचा बांध घालतात आणि निळ्या दिव्याने तो कडक करतात. हिरड्या आधी पुसून कोरड्या करायच्या, बांधाने दाताच्या कडेवर किंचित चढायचं, दोन दातांमधला त्रिकोण पूर्ण भरायचा. मग हातातल्या छोट्या आरशाने दातांच्या टोकांच्या बाजूने, म्हणजे कापणाऱ्या कडेकडून वर बघायचं, कुठे गुलाबी दिसतंय का. दिसलं तर तिथे जेल उतरणारच. सुरुवातीच्या वर्षांत मी ही शेवटची नजर टाकायचा कंटाळा केला होता. एका शिक्षकाच्या सुळ्यावरची हिरडी तांदळाच्या दाण्याएवढी पांढरी पडली आणि चांगलीच चुरचुरली. असा भाग धुवून काढला की रंग बऱ्याचदा काही तासांत परत येतो, चुरचुर दोन-चार दिवसांत जाते. पण त्या सरांनी दुसऱ्या दिवशी वर्गात पाढे म्हणताना झालेले हाल मला सविस्तर सांगितले. तेव्हापासून बांधावरच माझी वीस मिनिटं जातात.

जेलमध्ये साधारण २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. ते थंड जागी ठेवावं लागतं, कंपनीप्रमाणे फ्रीजमध्ये, आणि वापरायच्या वेळीच दोन सिरिंजा जोडून मिसळतात. मिसळून ठेवलेलं किंवा मुदत उलटलेलं जेल हिरडी भाजण्याइतकं शिल्लक असतं, दात उजळण्याइतकं नसतं. एक-दोन मिलिमीटरचा थर समोरच्या दातांवर देतात, हसताना जेवढे दिसतात तेवढ्यांवर. जेलमधून सुटणारे ऑक्सिजनचे अस्थिर कण दातात शिरून रंगाच्या मोठ्या रेणूंचे तुकडे करतात, लहान तुकडे रंगहीन असतात. दात खरवडला जात नाही. एनॅमलचा कडकपणा त्या वेळी किंचित उतरतो, तो लाळेतल्या खनिजांनी भरून येतो.

थर किती वेळ ठेवायचा हे जेलवर अवलंबून. काही आठ-पंधरा मिनिटांचे दोन-तीन फेरे करायचे असतात, काही एकदाच लावून चाळीस मिनिटं ठेवायचे असतात. कंपनीने छापलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवून जास्त पांढरे होत नाहीत, जास्त दुखतात. जेल काढताना आधी सक्शनने ओढायचं, मग पुसायचं, आणि शेवटी पाणी. आधीच पाणी मारलं तर ते ओठांवर उडतं. शेवटी पोटॅशियम नायट्रेट किंवा फ्लोराइडचं जेल पाच-दहा मिनिटं. काही जण ते पेरॉक्साइडच्या आधी लावतात, आणि माझ्या अनुभवात कळ कमी करायला ते आधी लावणंच बरं.

मधेच एखाद्या दातात विजेसारखी सणक आली तर हात वर करा. सहन करून बक्षीस मिळत नाही. त्या दातावरचं जेल काढून बाकीचं काम चालू ठेवता येतं.

तो निळा दिवा

पाटीवर 'लेझर व्हाइटनिंग' लिहिलेलं असतं आणि आत बहुतेक ठिकाणी निळा एलईडी दिवा असतो. दिव्याने जेल लवकर फुटून काम जोरात होतं, अशी कल्पना. प्रत्यक्षात एवढ्या तीव्र जेलबरोबर दिवा लावला किंवा नाही लावला, दोन आठवड्यांनंतरचा रंग जवळजवळ सारखाच येतो, असंच बहुतेक अभ्यासांचं एकत्र मूल्यमापन सांगतं. दिवा संपल्या-संपल्या दात जास्त पांढरे दिसतात ते खरं, पण त्यात उष्णतेने आणि तोंड उघडं ठेवल्याने दात सुकल्याचा वाटा मोठा.

उष्णतेचं आणखी एक. १९६५ साली झॅक आणि कोहेन यांनी माकडांच्या दातांवर प्रयोग केला. आतल्या नसेचं तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने वाढलं तेव्हा सुमारे १५ टक्के दातांची नस सावरली नाही. आजचे एलईडी थंड असतात, जुने हॅलोजन दिवे तसे नव्हते. माझ्याकडे दिवा आहे, हिरडीचा बांध कडक करायला. व्हाइटनिंगसाठी मी तो लावत नाही आणि दिव्याचे वेगळे पैसे मागणाऱ्या ठिकाणी तुम्हीही ते देऊ नयेत.

घरी गेल्यावर: पहिले ४८ तास

त्याच संध्याकाळी किंवा रात्री सणका येऊ लागतात. एकेका दातात, क्षणभर, काही न खाता-पिता. पेशंट घाबरतात की दात गेला. तो जात नाही. पहिल्या चोवीस तासांत जास्त, अठ्ठेचाळीस तासांत बहुतेकांचं थांबतं. गार पाणी, आइस्क्रीम, सोलकढी, लिंबू सरबत बाजूला ठेवा. सेन्सिटिव्ह पेस्ट बोटाने दातांवर लावून पाच मिनिटं ठेवा. फार ठणकलं तर नेहमी चालणारी वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून. तीन-चार दिवसांनंतरही एकाच दातात ठणका राहिला तर परत या, तिथे सुटलेली कीड किंवा चीर असू शकते.

खाण्याबद्दल फार कडक यादी देतात. हळद, बीट, जांभळं, कोकम, लाल वाइन, चहा, सगळं बंद. अभ्यासांत या 'पांढऱ्या आहारा'चा रंगावर फारसा परिणाम दिसलेला नाही. तरी दोन दिवस दात सुकलेले आणि नाजूक असतात, म्हणून दहीभात, इडली, दूध-पोळी, बटाट्याची पांढरी भाजी यांवर काढा. चहा सुटतच नसेल तर कोमट घ्या आणि लगेच चूळ भरा. सिगारेट, मिशरी, मावा यांच्या बाबतीत मात्र मी सूट देत नाही. ती सुटणार नसेल तर हा खर्चच करू नका.

दोन आठवड्यांनी खिडकीपाशी

दात सुकला की जास्त पांढरा दिसतो, ओला झाला की त्याचा रंग परत येतो. खुर्चीत तासभर तोंड उघडं, त्यामुळे शेवटी आरशात दिसणाऱ्या पांढरेपणात हा सुकलेपणा मिसळलेला असतो. एक-दोन दिवसांत तो उतरतो, आणि आत अडकलेला ऑक्सिजन बाहेर पडून रंग स्थिरावायला आठवडा-दोन आठवडे लागतात. "उतरला की हो रंग!" ही तक्रार म्हणजे बहुतेक वेळा हीच.

एका मुलीचं उदाहरण देतो. सुरुवात ए ३. पहिल्या सिटिंगनंतर लगेच ए १ दिसत होतं, तिची आई खूश. दहा दिवसांनी त्याच खिडकीत ए २. दुसरं सिटिंग केलं, आणि त्यानंतर दोन आठवड्यांनी ए १ वर स्थिर. एका सिटिंगमध्ये दोन ते चार पायऱ्या आणि आठवडा-आठवडा सोडून केलेल्या दोन-तीन सिटिंगमध्ये पाच ते आठ, हा सर्वसाधारण हिशोब धरा. पिवळे दात वरच्या टोकाला, करडे खालच्या. एका तासात ए ४ वरून बी १, असं मी पाहिलेलं नाही.

नव्या रंगाची फिलिंगं आणि कॅप याच दोन आठवड्यांनंतर. एक तर रंग स्थिर झालेला असतो, दुसरं म्हणजे दातात उरलेल्या ऑक्सिजनमुळे रेझिन नीट चिकटत नाही.

तर लग्न पंधराला असेल तर तारखा उलट्या मोजा. दोन महिने आधी तपासणी आणि स्केलिंग, सात आठवडे आधी कीड भरणं, सहा आठवडे आधी पहिलं सिटिंग, पाच किंवा चार आठवडे आधी दुसरं, दोन आठवडे आधी रंग बघून हवी ती फिलिंगं. बारा तारखेला केलं तर फोटोत दात कदाचित जास्तच पांढरे येतील, ते मान्य. पण हिरडी भाजली किंवा सणका सुरू झाल्या तर सप्तपदीच्या वेळी चेहऱ्यावर काय दिसेल याची जबाबदारी मी घेत नाही.

क्लिनिकमध्येच का? ट्रेचा पर्याय

१९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या आर्कान्सामध्ये दात सरळ करणाऱ्या एका डॉक्टरने हिरडीच्या त्रासासाठी पेशंटला ट्रेमध्ये घालून रात्री एक जंतुनाशक वापरायला दिलं. त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड होतं. हिरडी बरी झाली आणि दातही उजळले. हेवूड आणि हेमन यांनी १९८९ मध्ये ही पद्धत शास्त्रीय नियतकालिकात मांडली, आणि ती आजही तशीच वापरात आहे. १० टक्के कार्बामाइड म्हणजे साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. तुमच्या दातांच्या मापाचा पातळ ट्रे, त्यात थेंब-थेंब जेल, रात्रभर, दोन ते तीन आठवडे.

शेवटी मिळणारा रंग दोन्हींचा जवळपास सारखाच. क्लिनिकमध्ये तो लवकर मिळतो, सणका तीव्र असतात. ट्रेने हळू मिळतो, दुखणं सौम्य असतं, खर्च कमी येतो. घाई नसेल आणि रोज ट्रे लावायची शिस्त असेल तर मी ट्रेच सुचवतो, स्वतःचं उत्पन्न कमी होत असलं तरी. ट्रेने मळमळणारे, वेळ नसलेले, हिरड्या खूप खाली गेलेले (क्लिनिकमध्ये तो भाग बांधाने झाकता येतो) यांच्यासाठी खुर्ची बरी. एक सिटिंग क्लिनिकमध्ये आणि पुढे आठवडाभर ट्रे, हा मधला मार्गही चांगला चालतो.

लंडन किंवा युरोपात राहणाऱ्यांनी इथल्या बहिणीच्या रिपोर्टशी तुलना करू नये. तिथे ६ टक्क्यांपेक्षा जास्त हायड्रोजन पेरॉक्साइड यासाठी वापरता येत नाही, अठराखालच्यांना ते देता येत नाही, आणि प्रत्येक वेळचा पहिला वापर दंतवैद्याच्या देखरेखीखाली लागतो. सुट्टीत गावी येऊन घाईत करून जाण्याचं हेही एक कारण असतं. तसं करायचं तर विमानाच्या तारखेआधी तीन आठवडे हातात ठेवा.

कोणाकडे करायचं आणि काय विचारायचं

पार्लरमध्ये नको. आपल्याकडे १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यानुसार दातांवर उपचार करणारा नोंदणीकृत असावा लागतो. दवाखान्यात राज्य दंत परिषदेचं नोंदणी प्रमाणपत्र टांगलेलं असतं, बघून घ्या. पैशांची अडचण असेल तर सरकारी दंत महाविद्यालयं आहेत: मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं, मुंबई सेंट्रलजवळचं महापालिकेचं नायर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, आणि गोव्यात बांबोळीचं. 'कॉन्झर्व्हेटिव्ह' विभागात चौकशी करा. वेळ लागतो, पण शिकणाऱ्या डॉक्टरामागे शिक्षक उभे असतात.

फोनवरच विचारा: आधी तपासणी वेगळी होते का, जेल किती टक्क्यांचं, सिटिंग किती आणि दर सिटिंगचा की सगळ्यांचा, दिव्याचे जादा पैसे आहेत का, दोन आठवड्यांनी रंग बघायला बोलावता का. शेवटच्या प्रश्नावर पलीकडचा माणूस अडखळला तर दुसरा दवाखाना शोधा.

ऑनलाइन मिळणाऱ्या कोळशाच्या पावडरी, मीठ-लिंबू, बेकिंग सोडा आणि लिंबाचं मिश्रण, यांत कोळसा घासून एनॅमल झिजवतो आणि लिंबू ते आम्लाने विरघळवतो. पहिल्या आठवड्यात दात चकचकीत दिसतात. पुढे एनॅमल पातळ होऊन आतलं पिवळं डेंटीन वर येतं, आणि झिजलेलं एनॅमल कोणी परत लावून देत नाही.

किती टिकतं

एक ते तीन वर्षं. चहा दिवसाला दोन कप आणि तंबाखू नाही, तर तिनाकडे. दर तासाला टपरी, तर एकाकडे. पूर्ण उपचार पुन्हा करायची गरज सहसा नसते. पहिल्या वेळीच आपल्या मापाचा ट्रे करून घ्या आणि वर्षा-दीड वर्षाने दोन-तीन रात्री सौम्य जेल लावा. जेलची सिरिंज फ्रीजमध्ये, लेबल लावून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी. ट्रे गार पाण्याने धुवायचा, कारण उकळत्या पाण्यात तो वाकडा होतो आणि मग दातावर बसत नाही. आणि तो कागदात गुंडाळून ठेवू नका, डबीतच ठेवा. माझ्या पेशंटांचे हरवलेले ट्रे बहुतेक घरच्या कुत्र्याने चावलेले असतात, नाहीतर केरात गेलेले.